इंदूरच्या एका बालस्थूलता केंद्रातील सोळा आठवडे

गेल्या वर्षी जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत माझा दहा वर्षांचा नातू इंदूरमधील एका खासगी बालस्थूलता केंद्राच्या सोळा आठवड्यांच्या कार्यक्रमाला जात होता. शुल्क 16,000 रुपये होते आणि रक्ताच्या तपासण्यांचे पैसे वेगळे. सूनबाई आणि मुलगा दोघेही नोकरीवर जाणारे असल्याने राजेंद्रनगरहून नातवाला तिकडे नेण्या-आणण्याचे काम विद्युत मंडळातून निवृत्त झालेल्या माझ्याकडे आले, आणि त्यामुळे केंद्राचा कारभार जवळून पाहता आला. पुढे काही तक्रारीही लिहिल्या असल्याने केंद्राचे नाव मुद्दाम गाळले आहे. असे कार्यक्रम आता शहरात बऱ्याच ठिकाणी चालतात आणि त्यांतल्या कोणत्याही ठिकाणी मुलाला घालण्यापूर्वी काय पाहून घ्यावे, हे या अनुभवावरून समजू शकेल.

आमच्या घरात या मुलाला कोणी कधी लठ्ठ म्हटले नव्हते. लहानपणी ते बाळसे होते, पाचव्या वर्षी तो गुटगुटीत होता, आठव्या वर्षी खात्यापित्या घरचा होता, आणि उंची वाढली की आपोआप ताणला जाईल, असे आम्ही एकमेकांना सांगत होतो. मग शाळेच्या आरोग्य शिबिरातून एक चिठ्ठी आली आणि तिच्यावर रक्तदाब 128/84 असा लिहिलेला होता. दहा वर्षांच्या मुलाला रक्तदाब असतो हेच मला नवीन होते. त्या रात्री घरात कोणाला नीट झोप लागली नाही. नातू तेवढा नेहमीप्रमाणे घोरत पडला होता. ते घोरणेही तपासण्याजोगे लक्षण असते, हे नंतर कळले.

पहिल्या भेटीतच केंद्राविषयी माझे मत चांगले झाले आणि त्याचे कारण एक पट्टा होता. परिचारिकेने रक्तदाब घेण्यासाठी आधी मुलांचा छोटा पट्टा काढला, नातवाच्या दंडाला गुंडाळून पाहिला, मग टेपने दंडाचा घेर मोजला आणि पट्टा परत खणात ठेवून मोठ्या माणसांचा पट्टा आणला. नातू म्हणाला, "आजोबा, हा तर तुमचा पट्टा आहे." तो खरोखरच माझ्या मापाचा होता. पट्ट्याच्या आतली हवेची पिशवी दंडाच्या घेराचा निदान 80 टक्के भाग वेढणारी हवी; ती आखूड पडली तर आकडा खोटा आणि जास्त येतो, हे तिने आम्हाला हिंदीत समजावून सांगितले. नातवाला पाच मिनिटे गप्प बसवून, पाय जमिनीवर टेकवून आणि हात टेबलावर ठेवून घेतलेला आकडा 114/72 आला. मुलांचा रक्तदाब वय, उंची आणि मुलगा की मुलगी यानुसार तक्त्यात पाहावा लागतो. त्या तक्त्यात हा आकडा सामान्याच्या सीमेवर होता, म्हणजे चिंता करण्याजोगा, परंतु घाबरून जाण्याजोगा नव्हे. एका मोजणीवर मुलाला उच्च रक्तदाबाचा रुग्ण ठरवायचे नसते, वेगवेगळ्या तीन भेटींमध्ये तो वाढलेला सापडावा लागतो, असे बालरोगतज्ज्ञ बाईंनी बजावले आणि त्याप्रमाणे पुढच्या दोन भेटींमध्ये तो पुन्हा घेतलाही. ज्या केंद्रात मुलांसाठी एकाच मापाचा पट्टा असेल, तेथील आकड्यांवर मी आता विश्वास ठेवणार नाही.

त्यानंतर बाईंनी नातवाला मान वाकवायला सांगितली. त्याच्या मानेच्या मागे काळसर, मखमली वाटणारा एक पट्टा होता आणि तो मळ आहे या समजुतीने माझी पत्नी दोन वर्षे दर रविवारी डाळीचे पीठ आणि हळद लावून तो घासत असे. मुलगा ओरडे, ही त्याला आंघोळीचा आळशी म्हणे, आणि पट्टा काही जात नसे. त्याला ॲकॅन्थोसिस निग्रिकन्स म्हणतात. शरीर इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नसल्यामुळे रक्तातील इन्सुलिन वाढलेले असते आणि त्याची खूण अशी त्वचेवर उमटते. मानेवर आणि काखेत ती आधी दिसते. पत्नी त्या दिवशी आमच्यासोबत आली होती. ती काही बोलली नाही, मात्र घरी आल्यावर तिने ते घासणे कायमचे बंद केले.

नातवाला थायरॉइडच असणार, असे आमचे निम्मे नातेवाईक सांगत होते. बाईंनी ती तपासणी लिहून दिली नाही आणि त्याचे कारणही सांगितले. थायरॉइडसारख्या ग्रंथींच्या विकाराने वजन वाढलेली मुले बहुधा उंचीला खुरटलेली असतात. खाणे, बसणे आणि आनुवंशिकता यांच्या मेळातून स्थूल झालेली मुले उलट वयाच्या मानाने उंच असतात. नातवाची उंची 141 सेंटिमीटर आणि वजन 49 किलो होते, म्हणजे बीएमआय (किलोमधले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) जवळपास 24.6. मोठ्या माणसाच्या बाबतीत हा आकडा फारसा कोणी मनावर घेत नाही, परंतु दहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तो बराच वरचा ठरतो. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने 2015 साली काढलेल्या वाढीच्या तक्त्यांमध्ये प्रौढांच्या 23 आणि 27 या बीएमआयशी जुळणाऱ्या दोन रेषा आहेत. पहिली ओलांडली की अतिवजन आणि दुसरी ओलांडली की स्थूलता. नातू दुसरीच्या बराच वर होता. पाश्चात्त्य देशांत प्रौढांसाठी 25 आणि 30 हे आकडे चालत असताना आपल्याकडे ते खाली का आणले, याचे उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामात मिळते. त्यांनी 2004 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःची आणि आपल्या इंग्रज सहकाऱ्याची तुलना छापली होती: दोघांचाही बीएमआय 22.3, पण इंग्रजाच्या शरीरात 9.1 टक्के चरबी आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. भारतीय शरीर काट्यावर दिसते त्यापेक्षा आतून अधिक स्थूल असते. म्हणून या केंद्रात काट्याइतकाच टेपही चालतो. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, असा साधा नियम असतो. नातवाची कंबर 80 सेंटिमीटर भरली, म्हणजे निम्म्याहून साडेनऊ सेंटिमीटर जास्त.

मी स्वतः हृदयरोगी आहे. 61 व्या वर्षी माझ्या धमनीत स्टेंट बसवला गेला, आणि तो रोग मला साठीनंतर जडला, असेच मी समजत होतो. बाईंनी माझा हा समज पंधरा मिनिटांत खोडून काढला. कोरियन युद्धात मारल्या गेलेल्या 300 अमेरिकन सैनिकांची शवविच्छेदने 1953 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा सरासरी 22 वर्षांच्या त्या धडधाकट तरुणांपैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक जणांच्या हृदयधमन्यांत रोगाच्या खुणा सापडल्या होत्या. पुढे लुईझियाना राज्यातील बोगालुसा या छोट्या गावात 1973 पासून मुलांची वर्षानुवर्षे मोजमापे ठेवली गेली आणि त्यांपैकी जी मुले व तरुण बहुधा अपघातांत दगावले, त्यांच्या धमन्या तपासल्या गेल्या. बीएमआय, रक्तदाब आणि रक्तातील चरबी यांपैकी जितक्या गोष्टी एकाच मुलात वाढलेल्या, तितका धमनीच्या आतला थर अधिक ठिकाणी खराब झालेला आढळला. म्हणजे माझ्या धमनीतले काम मी पाटी-दप्तर घेऊन शाळेत जात होतो तेव्हाच सुरू झाले असावे.

हे आतून कसे घडते, तेही बाईंनी कागदावर यकृताचे एक बेढब चित्र काढून दाखवले. पोटातील चरबी नुसती साठून राहत नाही, तिच्यातून मेदाम्ले सतत यकृताकडे जातात. यकृत त्यांची ट्रायग्लिसराइड नावाची चरबी करून रक्तात सोडते, चांगले कोलेस्टेरॉल म्हटले जाणारे एचडीएल खाली येते आणि वाईट म्हटल्या जाणाऱ्या एलडीएलचे कण लहान व घट्ट होऊन धमनीच्या भिंतीत शिरण्यास अधिक योग्य होतात. वाढलेले इन्सुलिन मूत्रपिंडांना मीठ धरून ठेवायला लावते, त्याने रक्तदाब चढतो, आणि चढत्या दाबाविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होऊ लागते. स्थूल मुलांमध्ये हे जाड होणे इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, दिसूही शकते. नातवाचे ट्रायग्लिसराइड 168 आणि एचडीएल 36 आले. दहाव्या वर्षापासून ट्रायग्लिसराइड 130 पासून वरचे जास्त मानतात, आणि एचडीएल 40 च्या खाली असू नये. एलडीएल 108 होते, ते चालण्याजोगे. ही तऱ्हा आपल्याकडच्या मुलांत नेहमीची असल्याचे त्यांनी सांगितले, आणि औषध दिले नाही.

येथे त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मी घरी जाऊन मुलाला आणि सूनबाईंना दोनदा सांगितली. 2011 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये चार वेगवेगळ्या पाहण्या एकत्र करून 6,328 जणांचा लहानपणापासून प्रौढ वयापर्यंत, सरासरी 23 वर्षांचा मागोवा प्रसिद्ध झाला होता. लहानपणी वजन जास्त असूनही मोठेपणी जे स्थूल राहिले नाहीत, त्यांचा मधुमेह, उच्च रक्तदाब आणि धमन्यांच्या रोगाचा धोका कधीच स्थूल नसलेल्यांच्या जवळपास आला होता. जे तसेच राहिले, त्यांचा धोका वाढलेला होता. केंद्राचा सगळा कार्यक्रम या एका मुद्द्यावर उभा आहे, आणि म्हणूनच तेथे वजन घटवण्याचे आश्वासन कोणी दिले नाही. "वजन तेथेच राहू द्या, उंची आपले काम करील," असे त्यांचे सांगणे होते. वाढत्या वयात वजन रोखून धरले तरी बीएमआय उतरतो. आमच्या अपेक्षा यापेक्षा मोठ्या होत्या, हे कबूल करतो.

आहाराच्या बाबतीत सुरुवात मात्र फसली. आहारतज्ज्ञ मुलीने दिलेल्या पहिल्या तक्त्यात ओट्स, ब्रोकोली आणि ॲव्होकाडो होते, आणि प्रत्येक वाक्य "मम्मी जी, आपको" असे सुरू होत होते, जणू मुलाचे जेवण ही एकट्या आईची चूक होती. सूनबाईंनी तो तक्ता शांतपणे परत केला आणि आमच्या घरात ज्वारीची भाकरी, वरण-भात, उसळ, थालीपीठ आणि कोशिंबीर चालते, त्यांतून काय ते सांगा, असे म्हटले. मुलीच्या बाजूने सांगायचे तर दुसरा तक्ता तिने आमच्या समोर बसून लिहिला आणि तो उत्तम होता. भात वाटीने मोजून, उसळ दुप्पट, थालीपिठाबरोबर लोण्याऐवजी दही, आणि रात्रीचे जेवण आठच्या आत.

त्यापूर्वी सात दिवस घरातल्या प्रत्येकाने, मुलाने एकट्याने नव्हे, खाल्लेले लिहून ठेवायचे होते. ती वही वाचताना घरातला गुन्हेगार कोण, हे कळले. रविवारी सकाळी नातवाला स्कूटरवर मागे बसवून पोहे-जलेबी खायला मीच नेत होतो. इंदूरचे पोहे वाफेवर गरम ठेवलेले असतात, त्यांच्यात फारसे काही वावगे नाही. वावगे आहे ते वर पडणाऱ्या मूठभर सेवेत, सोबतच्या जलेबीत, आणि परतताना घेतलेल्या शिकंजीत, कारण इंदूरची शिकंजी म्हणजे लिंबाचे सरबत नसून आटीव दुधाचा सुकामेवा घातलेला गोड पेला असतो. शनिवारी रात्री सराफ्यात, म्हणजे रात्री खाऊगल्ली होणाऱ्या सराफा बाजारात, गेलो असलो तर त्याच्या आधी भुट्ट्याचा कीस आणि गराडू नावाचा तळलेला कंदही झालेला असे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे वरून घातलेली, तसेच मधातली आणि फळांच्या रसातली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी असावी; 2,000 कॅलरी धरल्या तर ती 50 ग्रॅमच्या आत, म्हणजे दहा-बारा चमच्यांच्या आत येते, आणि निम्मी असेल तर अधिक चांगले. शाळेच्या डब्यासोबत जाणाऱ्या फळांच्या रसाच्या 200 मिलिलिटरच्या खोक्यातच वीस-पंचवीस ग्रॅम साखर निघाली. फळ म्हणून आम्ही ते देत होतो.

रविवार बंद करा, असे केंद्राने म्हटले नाही. पोहे घरी करा, सेव चमच्याने मोजा, पोह्यांवरचा जीरावण मसाला हवा तेवढा म्हणू नका कारण त्यात मीठ असते, आणि महिन्यातून एका रविवारी बाहेर जा, पण चालत जा, असा तह झाला. हा तह आजवर टिकला आहे. माझ्या स्वतःच्या शिकंजीवरही तो लागू झाला, त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही.

खेळाचा भाग नातवाला सर्वांत आवडला. आठवड्यातून दोन दिवस चाळीस मिनिटे एका लांबट हॉलमध्ये सात-आठ मुले लंगडी, खो-खो, दोरीउड्या आणि सितोलिया, म्हणजे आपली लगोरी, खेळत. व्यायामाची यंत्रे तेथे नव्हती आणि ती नसणे बरे झाले. पाच ते सतरा वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी साठ मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी असते, तेव्हा आठवड्याची ऐंशी मिनिटे पुरणार नव्हती. उरलेले दिवस आम्ही कॉलनीतल्या मैदानावर काढले. पहिल्या दिवशी लंगडीत तो दहा पावलांत टेकला. सप्टेंबरमध्ये हॉलचे एक टोक ते दुसरे टोक न टेकता गेला आणि मग उगाचच परतही आला.

आता तक्रारी. पहिली गंभीर आहे. मुलांचे वजन स्वागतकक्षात, बसलेल्या सर्व पालकांच्या समोर केले जात होते आणि स्वागतिका आकडा मोठ्याने वाचून वहीत लिहीत होती. तिसऱ्या आठवड्यात एका मुलीचा आकडा ऐकून शेजारचे दोन मुलगे हसले. त्या मुलीने काट्यावरून उतरून चपला घातल्या, वेणीचे टोक तोंडात धरले आणि ती त्या दिवशी हॉलमध्ये आली नाही. मी बाईंना भेटून सांगितले. पुढच्या आठवड्यात काटा आतल्या खोलीत गेला, परंतु असे केंद्र चालवणाऱ्यांना हे आजोबांनी सांगावे लागू नये. दुसरी तक्रार भिंतीवरच्या आधी-नंतरच्या छायाचित्रांची. तिसरी काउंटरवर विकायला ठेवलेल्या प्रथिनांच्या पावडरीची. बाईंनी ती कधीही लिहून दिली नाही, स्वागतिका मात्र प्रत्येक पावतीबरोबर तिच्याविषयी विचारत असे. डाळ, दही आणि अंडी खाणाऱ्या मुलाला ती कशाला हवी, याचे उत्तर तिच्याजवळ नव्हते. खेळाची वेळ साडेपाचची असल्याने नोकरी करणारे आईवडील येऊच शकत नाहीत; ज्या घरी रिकामा आजोबा नसेल त्यांनी हे आधी विचारात घ्यावे, आणि पावसाळ्यात राजेंद्रनगरहून जायला लागणारा तासही.

सोळा आठवड्यांनंतर नातवाची उंची 143 सेंटिमीटर आणि वजन 48.2 किलो होते, म्हणजे बीएमआय सुमारे 23.6. कंबर 76 वर आली. ट्रायग्लिसराइड 121 झाले, एचडीएल 39, म्हणजे अजून थोडे कमीच. रक्तदाब 106/66. मानेचा पट्टा फिकट झाला आहे, गेलेला नाही. घोरण्यासाठी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवले गेले, तेथे नाकाच्या मागची वाढलेली गाठ, म्हणजे ॲडेनॉइड, सापडली आणि त्याचा उपचार सुरू आहे. तक्त्यातील दुसऱ्या रेषेच्या तो अजूनही वर आहे. कपड्यांच्या दुकानात फरक कळत नाही, रक्ताच्या कागदावर कळतो. एवढ्याच गोष्टीसाठी 16,000 रुपये देणे ज्यांना पटणार नाही, त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. वही, टेप आणि रविवारचा तह यांना पैसे पडत नाहीत. परंतु योग्य मापाचा पट्टा, मानेकडे गेलेली नजर आणि सगळ्या घराला बसवून विचारलेले प्रश्न आम्हाला घरबसल्या सुचले नसते, आणि एकट्या मुलाला दोषी धरून जो उपास आम्ही सुरू केला असता, तो पंधरा दिवसांत मोडला असता. दर तीन महिन्यांच्या पुढील तपासणीसाठी आम्ही तेथेच जाणार आहोत.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. मुलाला अर्ध्या बाह्यांचा सैल शर्ट घालावा, शाळेतील जुन्या उंची-वजनाच्या नोंदी बरोबर न्याव्यात, घरात लवकर वयात कोणाला हृदयविकार किंवा मधुमेह झाला असेल तर वयासह लिहून न्यावे, आणि पहिली वेळ सकाळी नऊच्या आतली मागावी, कारण रक्त रिकाम्या पोटी द्यायचे असते. डबा घरून न्यावा. केंद्राच्या फाटकाच्या बरोबर समोर कचोरीची कढई सकाळपासून चढलेली असते, आणि बारा तासांच्या उपाशी मुलाला घेऊन आम्ही पहिल्या दिवशी डबा न नेता गेलो होतो.